न्हाणीघर माणसाच्या मापाचे

संगमनेरच्या जुन्या पेठांमधून सकाळी सहाच्या सुमारास चक्कर मारली, तर सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसे झपाझप चालताना दिसतात. कोणी प्रवरेच्या काठाने फेरी मारतो, कोणी देवळाच्या पायऱ्या चढतो, कोणी जुन्या पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहने चुकवत दूध आणायला निघतो. पण यांच्यापैकी एखाद्याचे खुब्याचे हाड मोडल्याचे कळते, तेव्हा पडण्याचे ठिकाण बहुधा नदीकाठ नसतो आणि महामार्गही नसतो. पडणे होते ते घरातल्या न्हाणीघरात. चार फूट बाय सहा फूट जागा, तीस-चाळीस वर्षे रोज वापरलेली, डोळे मिटून वावरता येईल इतकी ओळखीची. भर रहदारीचा रस्ता निर्धोक पार करणारा माणूस तिथे कसा पडतो?

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर लगेच पडण्याचा क्रमांक लागतो. यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, तर वर्षभराच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण जगभरच्या नोंदींमध्ये साधारण २० ते ३० टक्क्यांच्या घरात असते. हाड जुळते, पण अंथरुणावर पडून राहिल्याने फुप्फुसांचा संसर्ग, रक्ताच्या गाठी आणि पाठीवरच्या जखमा मागे लागतात.

तोलाचे तीन खबरे

उभे राहणे आपोआप घडते असे वाटते, पण त्यासाठी मेंदूला सतत तीन ठिकाणांहून खबर लागते. डोळे सांगतात की भिंत सरळ आहे की तिरकी. आतल्या कानातले तोलाचे इंद्रिय सांगते की डोके कोणत्या दिशेला कलले. तळपाय, घोटे आणि गुडघे यांतले मज्जातंतू सांगतात की भार कोणत्या पायावर आहे आणि खालची जमीन कशी आहे. तरुणपणी यांपैकी एक खबर बंद पडली तरी बाकीच्या दोन निभावून नेतात. अंधारात आपण चालू शकतो ते त्यामुळेच.

वय वाढते तसे तिन्ही खबरे थोडे थोडे मंदावतात. मोतीबिंदू होतो. आतल्या कानातल्या पेशी कमी होतात. मधुमेह जुना असेल तर तळपायांची जाणीव बोथट होते, इतकी की चप्पल पायातून निसटलेली कळत नाही.

आता हाच माणूस अंघोळीला जातो. चष्मा बाहेर राहतो. खोलीत वाफ कोंडते, आणि तोंडाला साबण लावून पाणी घेताना डोळे मिटतात, म्हणजे पहिला खबरा गेला. ओल्या, गुळगुळीत फरशीवरून तळपायांना नीट अंदाज येत नाही, म्हणजे दुसराही बेभरवशाचा झाला. उरतो एकटा कान, तोही थकलेला. रस्त्यावर या माणसाकडे चष्मा, चप्पल, काठी आणि उजेड असतो. न्हाणीघरात तो हे सगळे दाराबाहेर ठेवून शिरतो.

भरीला रक्तदाबाची गंमत आहे. बसलेला माणूस उठला की गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांकडे उतरते, आणि शरीर रक्तवाहिन्या आकसून तो दाब सावरते. म्हातारपणी ही सावरासावर उशिरा होते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला आजारपणातच धरतात. कडक पाण्याने रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्याही तेच काम करतात. त्यामुळे गरम पाण्याची बादली संपवून पाटावरून झटकन उठताना किंवा रात्री दोन वाजता लघवीला उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. फरशी निसरडी नसली तरी माणूस पडू शकतो तो असा.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. न्हाणीघरात धोका सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो ठरावीक क्षणांना असतो: उंबरा ओलांडताना, बसताना, उठताना, टॉवेलसाठी वळताना आणि ओल्या पायांनी बाहेर पडताना. दुरुस्ती करायची ती या क्षणांची. प्रत्यक्षात बहुतेक घरांत ‘बाथरूम नवीन करायचे’ म्हणजे टाइल्सचा रंग निवडायचा, एवढाच अर्थ घेतला जातो.

फरशी का घसरते

पोळपाटावर थोडे पीठ भुरभुरले की कणीक चिकटत नाही, कारण दोघांच्या मध्ये एक पातळ थर आलेला असतो. फरशी आणि तळपाय यांच्यामध्ये पाण्याचा थर आला की तसेच होते. कातडीचा फरशीला थेट स्पर्श होत नाही, पाय पाण्यावर टेकतो. पाणी पातळ असल्याने भार पडताच ते बाजूला सरते आणि पकड परत मिळते. पण त्यात साबण किंवा अंगाला चोळलेले तेल मिसळले, तर थर सहजासहजी हटत नाही.

बोअरचे पाणी जड असेल तर आणखी एक भानगड होते. पाण्यातला चुना आणि साबण यांची रासायनिक गट्टी जमून एक पांढरट, चिकट थर तयार होतो. कोरडा असताना तो दिसतही नाही, ओला झाला की बुळबुळीत होतो. रोज पाणी ओतून धुतल्याने तो जात नाही, ब्रशने घासावाच लागतो.

जुन्या वाड्यांतल्या मोऱ्यांना टाकीचे घाव मारलेली शहाबादी असायची. दिसायला ओबडधोबड, पण त्या खाचांमध्ये पाण्याला पळायला जागा मिळायची आणि उंचवट्यांवर पाय टेकायचा. शेवाळ चढले तर तीही घसरायची, हे मान्य. पण तिच्या जागी आलेल्या चकचकीत दोन बाय दोनच्या टाइलवर पाण्याला पळायला जागाच नाही.

दुकानात ‘अँटी-स्किड’ असे सांगून बरेच काही विकले जाते. त्यातले खरे काय, हे ओळखायला जर्मन मानकांमधल्या दोन चाचण्या उपयोगी पडतात, कारण चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात त्यांचे निकाल छापलेले असतात. दोन्हींत माणसाला टाइल लावलेल्या फळीवर चालायला लावतात आणि तो घसरेपर्यंत फळी तिरकी करत नेतात. ‘आर ९’ ते ‘आर १३’ हे आकडे ज्या चाचणीतून येतात तिच्यात माणसाच्या पायात बूट असतात आणि टाइलवर तेल टाकलेले असते. ती कारखान्यासाठी आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरासाठी ठीक आहे. अनवाणी पाय आणि साबणाचे पाणी यांची चाचणी वेगळी आहे. तिच्यात ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ असे तीन वर्ग आहेत. ‘ए’ वर्गाची टाइल किमान १२ अंश तिरकी होईपर्यंत पाय धरून ठेवते, ‘बी’ १८ अंश आणि ‘सी’ २४ अंश. अंघोळीच्या जागेसाठी ‘बी’च्या खाली जाऊ नये. दुकानदाराने ‘आर १०’ सांगितले, तर ते बुटांचे माप आहे हे ध्यानात ठेवावे.

टाइल जितकी लहान तितके सांधे जास्त, आणि सांध्यांची पकड चांगली असते. म्हणून फूटभराची किंवा त्याहून लहान टाइल बरी. मात्र फार खरखरीत टाइल घेऊन चूक करणारेही आहेत. तिच्या खाचांत साबणाचा मळ बसतो, तो घासून निघत नाही आणि दोन वर्षांनी ती गुळगुळीत टाइलइतकीच घसरू लागते.

ढाळ हा गवंड्याचा विषय असला तरी घरच्यांनी त्यात लक्ष घालावे. फुटाला पाव इंच ढाळ पुरेसा असतो. त्याहून कमी असेल तर पाणी साचते. ‘पाणी लवकर जावे’ म्हणून जास्त दिला, तर खुर्ची कलते आणि घोट्यांवर तिरका भार येतो. आणि दाराबाहेरचे सुती पायपुसणे! गुळगुळीत फरशीवर ओल्या पायाखाली ते सरकते. न्हाणीघरात सावरलेला माणूस दारात पडतो, तो बऱ्याचदा या पायपुसण्यामुळे. खालून रबर असलेले घ्यावे, नाहीतर ठेवूच नये.

उकिडवे बसून उठणे

देशी संडासावर बसायला गुडघे पूर्ण दुमडावे लागतात. बसणे जमते, खरी कसरत उठण्याची. शरीराचा सगळा भार दोन तळपायांच्या छोट्याशा जागेवर तोलून धरत मांड्यांच्या पुढच्या स्नायूंनी तो वर उचलायचा. हे स्नायू वयाबरोबर सर्वांत आधी ओसरणाऱ्यांपैकी आहेत. मग माणूस हाताला जे मिळेल ते धरतो: नळ, दाराची कडी, बादलीची कड. नळ तुटतो, बादली कलंडते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वास्तुरचनाकार अलेक्झांडर किरा यांनी १९६६ साली न्हाणीघरावर एक अख्खे संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. शरीर कसे वाकते, हात कुठवर पोचतो, हे मोजून न्हाणीघर आखावे, हा त्यांचा आग्रह. शौचासाठी उकिडवे बसणेच शरीराला अधिक सोयीचे, असेही त्यांचे मत होते. म्हणजे ‘कमोडवर पोट साफ होत नाही’ ही आजी-आजोबांची तक्रार केवळ हट्ट नव्हे. उकिडवे बसल्यावर मोठ्या आतड्याचा शेवटचा वाकडा भाग बराच सरळ होतो आणि जोर कमी लागतो. पण गुडघा उठू देत नसेल, तर हा फायदा परवडत नाही. कमोडवर बसून किंचित पुढे झुकले आणि कोपरे मांड्यांवर टेकवली, की निम्मे काम साधते.

कमोडची उंची हा नेहमी फसणारा मुद्दा. बाजारात सर्रास मिळणारे कमोड सीटसकट पंधरा-सोळा इंचांच्या आसपास असतात. अमेरिकी मानक अपंगस्नेही कमोडसाठी १७ ते १९ इंच सांगते. मुलगा परदेशातून ते वाचून १९ इंचांचा आग्रह धरतो आणि पाच फूट उंचीच्या आईचे पाय अधांतरी लटकतात. तळपाय जमिनीवर सपाट टेकले नाहीत तर उठायला जोर कुठून मिळणार? त्यापेक्षा ज्यांना वापरायचे आहे त्यांना खुर्चीवर बसवावे आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत टेपने मोजावे. सीट त्या मापाची किंवा इंचभर वर. कमोड बुटका असेल तर त्याच्याखाली पक्का कट्टा बांधता येतो किंवा वर जाड सीट बसवता येते.

देशी भांडे काढून कमोड बसवणे हे एका दिवसाचे काम नाही. भांड्याचा ट्रॅप फरशीखाली असतो, म्हणजे फरशी फोडणे आले. तळमजल्याच्या बंगल्यात ते सोपे. इमारतीत वरच्या मजल्यावर असाल, तर खालच्यांच्या छताला ओल येणार नाही याची खात्री होईपर्यंत टाइल बसवू नये. त्यासाठी वॉटरप्रूफिंगनंतर जाळी बंद करून पाणी साठवायचे आणि दिवस-दोन दिवस तसेच ठेवायचे. मिस्त्री घाईत असतो, आपण नसावे.

तालुक्यातल्या खेड्यांत गणित वेगळे आहे. स्वच्छ भारत अभियानात १२ हजार रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानावर बांधलेले संडास बहुतेक शोषखड्ड्याचे आहेत. त्यांचे भांडे मुद्दाम तीव्र उताराचे, सुमारे २५ ते २८ अंशांचे, आणि त्यातला पाण्याचा थर अवघा २० मिलिमीटरचा ठेवलेला असतो, जेणेकरून दीड-दोन लिटर पाण्यात काम भागावे. तिथे कमोड आणि फ्लशची टाकी बसवली, तर प्रत्येक वेळी सहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी खड्ड्यात जाणार. साकूर-घारगावच्या पठार भागात किंवा तळेगाव दिघेच्या बाजूला, जिथे उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, तिथे इतके पाणी आणायचे कुठून? शिवाय जमीन कठीण मुरमाची असली तर खड्डाही ते पटकन शोषत नाही. अशा ठिकाणी भांडे तसेच ठेवून त्यावर मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची मांडणे हाच शहाणपणाचा मार्ग. खुर्चीचे पाय फाकलेले आणि खाली रबरी बूच असलेले हवेत. प्लास्टिकच्या साध्या खुर्चीला भोक पाडण्याचा घरगुती उद्योग मात्र करू नये, कारण भोकामुळे ती नेमकी भार घ्यायच्या जागी कमजोर होते.

हे संडास बरेचदा अंगणाच्या टोकाला असतात. तिथवरची वाट, मधली पायरी आणि रात्रीचा अंधार हेही मग न्हाणीघराचाच भाग धरावे लागतात.

टॉवेलची दांडी आणि धरायची दांडी

एकच गोष्ट करायला पैसे असतील, तर ती आधाराची दांडी असावी. टाइल्सवर पन्नास हजार घालवून भिंतीला फक्त टॉवेलची नळी लावणारी घरे पाहिली, की हे ठासून सांगावेसे वाटते. तोल जाताना हात पहिल्यांदा त्या टॉवेलच्या नळीकडेच जातो आणि ती स्क्रूसकट हातात येते. अमेरिकी मानकानुसार आधाराच्या दांडीने २५० पौंड, म्हणजे सुमारे ११३ किलो भार सोसला पाहिजे. पडणाऱ्या माणसाचा हिसका त्याच्या वजनापेक्षा जास्त असतो, म्हणून ही सोय.

दांडी कितीही भक्कम असो, शेवटी ती धरून ठेवते भिंत. नऊ इंची विटेच्या भिंतीत लांब अँकर बोल्ट चांगला बसतो. चार इंची भिंतीत तो जपून घ्यावा लागतो. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत साधे प्लास्टिकचे प्लग भुसभुशीत होऊन निघतात, तिथे रासायनिक अँकर लागतात. आणि पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंतीत कुठलाच प्लग टिकत नाही. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावावी, नाहीतर जमिनीपासून वाशापर्यंत उभा पाइप बसवावा. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या मुठी प्रवासात एक वेळ चालतील, रोजच्या भरवशाच्या नाहीत.

दांडी आडवी की उभी? दोन्हींची कामे वेगळी. कमोडच्या बाजूची आडवी दांडी खाली दाबून उठण्यासाठी असते. दाराजवळची उभी दांडी आत-बाहेर पाऊल टाकताना धरण्यासाठी असते. हाताला ओढण्यापेक्षा खाली रेटणे सोपे जाते, विशेषतः खांदे दुखत असतील तर. पक्षाघात झालेल्यांसाठी दांडी चालत्या हाताच्या बाजूलाच हवी, मग भिंत कुठलीही असो. मानकांमधली मापे हा आरंभ समजावा. ज्यांना ती धरायची आहे त्यांना कपड्यांनिशी कमोडवर बसवावे, दोन-तीनदा उठायला सांगावे, आणि हात आपणहून भिंतीवर जिथे टेकतो तिथे खडूने खूण करावी. ड्रिल तिथे चालवावे.

अंघोळीचेही असेच. आपल्याकडे शॉवरपेक्षा बादली-तांब्या जास्त. पाट काढून सोळा-सतरा इंचांचे, रबरी पायांचे स्टूल दिले की उठणे सोपे होते, पण बादली जमिनीवरच राहिली तर प्रत्येक तांब्यासाठी खाली वाकावे लागते आणि डोके गरगरते. म्हणून बादलीलाही कट्टा हवा. दीड विटेचा पक्का कट्टा, बाजूने टाइल, गोलसर कडा. त्यावर बादली ठेवली की काठ हाताशी येतो. हँड शॉवर असेल तर तो बसूनच हाताला येईल अशा उंचीवर लटकवावा.

चौकट: मिस्त्रीला दाखवायची मापे

आधाराची दांडी: जाडी सव्वा ते दोन इंच, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, भिंत आणि दांडी यांत दीड इंच फट. फट जास्त ठेवली तर हात कोपरापर्यंत आत अडकतो.
कमोडची सीट: गुडघ्याच्या लवणीइतकी किंवा इंचभर वर.
ढाळ: फुटाला पाव इंच, जाळीकडे.
दार: मोकळी रुंदी किमान ३२ इंच, भारतीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट.
घरातला रॅम्प: एक इंच उंचीला किमान बारा इंच लांबी.
चाकाची खुर्ची वळवायला: पाच फूट व्यासाची मोकळी जागा.

दार कुणीकडे उघडते

न्हाणीघराचे दार आपल्याकडे बहुधा आत उघडते. आत माणूस पडला तर तो नेमका दारालाच अडून पडतो, आणि बाहेरचे लोक दार लोटतील तितका त्याला चेमटतील. दार बाहेर उघडणारे किंवा बाजूला सरकणारे हवे. तेवढे जमत नसेल, तर निदान आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असे लॅच लावावे. खर्च काही शेकड्यांचा आणि काम तासाभराचे.

दाराखालची दोन-तीन इंचांची कडप्प्याची पट्टी पाणी अडवते आणि पायही अडवते. ती नुसती काढून टाकली तर पाणी खोलीत येईल. तिच्या जागी दाराच्या रुंदीची लांबट जाळी आणि आतल्या बाजूला योग्य ढाळ द्यावा लागतो. म्हणजेच हे काम फरशी बदलतानाच करायचे.

चाकाच्या खुर्चीचे मात्र स्पष्ट बोलावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेत संडास आणि न्हाणीघर एकत्र असेल तर किमान क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर आणि किमान रुंदी १.२ मीटर सांगितली होती. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर लागतात. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या किमान मापाच्या न्हाणीघरातही खुर्ची वळत नाही. शहरातल्या बहुतेक सदनिकांत ती कधीच वळणार नाही. तिथे भिंत सरकवण्याची स्वप्ने पाहण्यापेक्षा अरुंद, चाकांची कमोड खुर्ची सरळ आत नेऊन सरळ बाहेर काढता येईल एवढा मार्ग मोकळा करणे व्यवहार्य आहे. वॉशिंग मशीन बाहेर हलवले तरी बरेच काम होते.

उजेड आणि गरम पाणी

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळे पडते. पांढरी टाइल, पांढरा कमोड आणि पांढरी फरशी यांत त्या डोळ्याला कड दिसत नाही. सीट गडद रंगाची घ्यावी, दांडीमागे गडद पट्टा द्यावा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावावा, आणि न्हाणीघराचा दिवा इन्व्हर्टरवर घ्यावा.

तांब्याच्या बंबाची जागा गिझरने घेतली. त्यात दोन धोके. ६० अंश सेल्सिअस पाण्याने काही सेकंदांत खोल भाजते, आणि म्हाताऱ्या कातडीला त्याहून कमी वेळ पुरतो. थर्मोस्टॅट ५० अंशांच्या आत ठेवावा. दुसरा धोका गॅस गिझरचा. तो बंद न्हाणीघरात असेल तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध होतो आणि घरच्यांना वाटते की पाय घसरला. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

पैसे, क्रम आणि सरकार

या सगळ्याने खरेच फरक पडतो का? न्यूझीलंडमधल्या तारानाकी भागात ८४२ घरांवर याची रीतसर चाचणी झाली. निम्म्याच्या आसपास घरांत जिन्याला कठडे, न्हाणीघरात दांड्या, बाहेर दिवे, घसरत्या जागांवर खरखरीत पट्ट्या अशा साध्या दुरुस्त्या केल्या आणि उरलेल्या घरांशी तुलना केली. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार घरात पडून होणाऱ्या इजा २६ टक्क्यांनी घटल्या. यात संगमरवर नव्हते, परदेशी नळ नव्हते.

जपानने २००० साली वृद्धांच्या दीर्घकालीन देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू केला. त्यात घराच्या दुरुस्तीसाठी २ लाख येनपर्यंतच्या खर्चाचा मोठा वाटा विमा उचलतो. कामांची यादी नेमकी आहे: दांड्या लावणे, उंबरे काढणे, न घसरणारी फरशी, सरकते दार, आणि उकिडव्या संडासाच्या जागी बसायचा कमोड. ही शेवटची बाब वाचून संगमनेरकराला जपान एकदम जवळचा वाटेल.

आपल्याकडे घरदुरुस्तीसाठी असा आधार नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला ३ हजार रुपये थेट खात्यात मिळतात. त्यातून कमोड खुर्ची, घडीचा वॉकर, तीन पायांची काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशी साधने घेता येतात. तीन हजारांत चांगली कमोड खुर्ची येऊ शकते. भिंतीला दांडी लावायचा खर्च मात्र खिशातूनच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पहिल्या आठवड्यात दिवा, लॅच, पायपुसणे, स्टूल. त्यानंतर दांड्या. फरशी, उंबरा आणि कमोड यांची तोडफोड सर्वांत शेवटी, आणि तीही एकदाच. कोणाला किती घाई आहे हे एका साध्या चाचणीने कळते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. अशा माणसाने फिजिओथेरपिस्टला भेटावे, कारण मांड्यांची ताकद वाढवण्याचे काम कुठलीही दांडी करत नाही.

तोडफोड सुरू झाली की आठ-दहा दिवस न्हाणीघर बंद राहते. एकच न्हाणीघर असलेल्या घरात तेवढ्यात शेजाऱ्यांकडे जाण्याची पाळी येते, आणि अनोळखी जागेत, अनोळखी उंबऱ्यावर पडण्याची शक्यता जास्त. तेवढे दिवस आई-वडिलांना दुसऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे पाठवणे बरे, निदान रात्रीपुरती पलंगाशेजारी कमोड खुर्ची तरी हवी. काम संपल्यावरही पहिले काही दिवस पाय जुन्या सवयीने काढून टाकलेल्या उंबऱ्यासाठी उचलला जातो आणि हात नव्या दांडीऐवजी जुन्या नळाकडे जातो. त्या दिवसांत आतून लॅच लावू नये आणि घरातले कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे.